मोगऱ्याच्या वाफ्यामागची भिंत

माझ्या बैठकीत सध्या सोयाबीनची पाच पोती राहतात. राहतात असंच म्हटलं पाहिजे, कारण खोलीतली सगळ्यात चांगली जागा त्यांची आहे. पंख्याखाली, सुक्या भिंतीपासून एक वीत सोडून, लाकडी फळ्यांवर. त्यांच्यासाठी सोफा उठवून समोरच्या भिंतीला लावला. त्या भिंतीचे पोपडे निघतात, त्यामुळे आलेला पाहुणा उठून जाताना पाठीवर पांढरा भुसा घेऊन जातो. "काहो सर, आडत टाकली काय?" असं लोक विचारतात. मी हसतो आणि चहा आणायला आत जातो.

पोती माझी नाहीत. शेजारच्या वहिनींची आहेत. ती माझ्या बैठकीत कशी आली, हे मी गल्लीत वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगितलेलं आहे. इथे खरं सांगतो.

मालेगावात आमची आणि वहिनींची घरं एकाच भिंतीवर उभी आहेत. भाऊ, म्हणजे वहिनींचे मालक, होते तेव्हा त्यांनी आणि मी मिळून प्लॉट घेतला आणि मधली भिंत सामाईक ठेवली. पुढच्या निम्म्या भागात त्या भिंतीच्या अलीकडे माझी बैठक, पलीकडे त्यांची खोली. मागच्या निम्म्या भागात माझ्या बाजूला उघडं अंगण आणि त्यांच्या बाजूला न्हाणी. भिंत संपली की दोन्ही अंगणांच्या मध्ये नुसतं कुंपण. भाऊ गेले, मुलगा पुण्याला कंपनीत लागला, आणि पाच एकर सोयाबीन वहिनी एकट्या पाहू लागल्या. त्या मला भाऊजी म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडून किती तऱ्हांनी निघू शकतो हे मला मागच्या दोन वर्षांत कळलं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. माझा हातखंडा प्रयोग एकच. बशीत शाईचं पाणी घ्यायचं, त्यात खडू उभा करायचा. निळी रेघ खडूतून हळूहळू वर चढते. "पाणी वर कसं चढलं रे? कोणी ढकललं?" असं विचारून मी वर्गाकडे असं बघायचो, जसं काही ते मीच चढवलं आहे. बारीक बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर जातं, याला केशाकर्षण म्हणतात, लिहून घ्या. पोरांनी लिहून घेतलं. मी घेतलं नाही.

निवृत्त झाल्यावर मला बागेचा नाद लागला. आमच्या प्लॉटवर नुसता मुरूम. त्यात मोगरा लावला तर तो दोन पानं काढून मान टाकायचा. अनसिंगकडे आमचं वडिलोपार्जित शेत आहे, धाकटा भाऊ कसतो. त्याच्याकडून मी ट्रॅक्टरची एक ट्रॉली काळी माती मागवली. आमच्याकडे गावात बांधलेल्या प्रत्येकाला हे सुचतंच. शेत सुटलं तरी शेताची माती अंगणात पाहिजे. ट्रॉली रिकामी होत असताना मी ड्रायव्हरला मातीच्या ऋणावर पाच मिनिटं ऐकवलं. तो म्हणाला, "सर, ते ठीक हाय, पन टाकू कुठं? भितीले लावून टाकू काय?"

"भिंतीलाच टाक," मी म्हणालो. "सावली राहते."

हातभर उंच वाफा झाला. मोगरा, कढीपत्ता, एक गवती चहा. रोज संध्याकाळी मी पाइप लावून खुर्ची टाकून बसायचो. माती तुडुंब भिजायची. मोगरा असा फुलला की बायकोनं प्रथमच माझ्या निवृत्तीबद्दल समाधान व्यक्त केलं.

दीड-दोन वर्षांनी बैठकीच्या भिंतीला खाली ओल दिसली. आधी बोटभर, मग गुडघ्यापर्यंत. रंग फुगला, पापुद्रे सुटले, त्यावर पांढरा खार आला. झाडून टाकला की चार दिवसांत परत. गाद्यांना कुबट वास. बायको म्हणाली, "पानी कुठून तरी येऊन राह्यलं, शोधा."

मी शोधलं. म्हणजे शोधायला बसलो आणि उत्तर आधीच हातात होतं. भिंतीपलीकडे न्हाणी, न्हाणीत रोज पाणी. आणखी काय शोधायचं? जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी आकृती काढली. न्हाणी, भिंत, बैठक, आणि न्हाणीतून बैठकीकडे जाणारे बाण. पट्टी लावून काढलेले सरळ बाण. तो कागद घेऊन मी वहिनींकडे गेलो.

वहिनी ज्वारी निवडत होत्या. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.

"एवढे बाण? पानी एवढं सरळ चालते काय, भाऊजी?"

"वहिनी, हे शास्त्र आहे."

"न्हानी तं घर झालं तवापासून तिथंच हाय. मंग आताच काहून ओल आली?"

हा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. वहिनींना मी म्हणालो, "साचत साचत येतं."

त्यांनी कागद खाली ठेवला. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखत होते, आणि न्हाणी खोलीला लागून राहावी म्हणूनच भाऊंनी ती तिथे बांधून घेतली होती. हे मला माहीत होतं. तरी मी कागद परत पुढे सरकवला.

"तुमी शिकलेले मानसं," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनता तं हटवतो. माह्यानं कोनाच्या घराचं नुसकान नाई झालं पाह्यजे."

आठ दिवसांत त्यांनी न्हाणी हलवली. अंगणाच्या पार टोकाला, संडासाच्या बाजूला, चार पत्रे मारून. तो सगळा पावसाळा त्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, हातात गरम पाण्याची बादली, चिखलातून एकेक पाय उचलत आंघोळीला जायच्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसायचं. मी खिडकीकडे पाठ करून चहा प्यायला शिकलो.

इकडे मी भिंत दुरुस्त केली. बैठकीत कमरेपर्यंत टाइल्स ठोकल्या. अंगणातली माती थोडी बाजूला ओढून भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा मारला, त्यात दुकानदारानं दिलेली वॉटरप्रूफची पावडर घातली, आणि माती परत जागेवर लोटली, मोगऱ्यासकट. बैठक कोरडी ठणठणीत दिसू लागली. मी गल्लीत सांगत सुटलो, "पाहा, न्हाणी गेली आणि ओल गेली. दोन अधिक दोन चार."

वहिनींच्या कानावर ते गेलंच. एका दुपारी त्या अंबाडीची भाजी आणि भाकरी घेऊन आल्या. "माह्यानं तुमची भीत खराब झाली, भाऊजी. मले कळलंच नाई इतके वर्सं. मनावर घेऊ नका."

मी मनावर घेतलं नाही. भाजी मात्र घेतली, आणि तिखट बरी जमली आहे असंही म्हणालो.

न्हाणीचा रिकामा कोपरा त्यांनी शेणानं सारवून स्वच्छ केला. दिवाळीच्या आधी सोयाबीन निघालं. त्यातलं चांगलं टपोरं निवडून, सावलीत वाळवून, एकराला एक असं पाच पोती बियाणं त्यांनी त्या कोपऱ्यात भिंतीशी रचलं. खाली तीन, वर दोन. "आता इथं पानी नाई, काही नाई," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "बरं झालं न्हानी हटवली. बियान्याले जागा झाली."

पुढच्या मे महिन्यात बैठकीतली एक टाइल गळून पडली. मागोमाग दुसरी. मी मिस्त्रीला बोलावलं. हा आमच्या भागातला जुना माणूस, बोलतो कमी आणि भिंतीला कान लावून ऐकतो जास्त. थापीच्या मुठीनं त्यानं टाइल्स वाजवल्या. डब, डब, डब. मग मागच्या अंगणात गेला. वाफ्याजवळ उकिडवा बसून मोगऱ्याच्या बुडाशी थापीनं माती उकरू लागला.

"अरे, मुळं तुटतील," मी म्हणालो.

"सर, इकडं या. हे पाह्यलं काय?"

मातीच्या खाली हातभर खोल, जोत्यावर, सिमेंटची एक सपाट पट्टी होती. बांधकामाच्या वेळी भाऊंनी हट्ट करून ती टाकून घेतली होती. त्यांनी मला तेव्हा बोलावलंही होतं, मी पेपर तपासत होतो.

"जमिनीतली ओल भितीत चढत इथवर येते अन् ह्या पट्टीपाशी थांबते," मिस्त्री म्हणाला. "त्यासाठीच तं ते टाकतात. तुमी पट्टीच्या वर हातभर माती चढवली. अन् वरून रोज पानी पाजून राह्यले. भीत पिनार नाई तं काय करन?"

"पण न्हाणीचं पाणी..."

"न्हानीचा उतार पल्याड होता, सर. ते पानी इकडं येईन कसं?"

मी शेवटचा आधार धरला. "गिलावा मारल्यावर तर कोरडी झाली होती."

"कोरडी नाई झाली. तुमी तिचं तोंड दाबलं. इकडून सिमेंट, बैठकीतून टाइल. ओल आत कोंडली तं निंगन कुठून? जिकडं उघडं सापडन तिकडून." त्यानं थापीनं भिंतीपलीकडे खूण केली. "तिकडं काय हाय?"

"बियाणं," मी म्हणालो.

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली.

त्या क्षणी मला बशी आठवली, निळं पाणी आठवलं, आणि खडू. आयुष्यभर मी जे पोरांना दाखवलं ते माझ्याच अंगणात विटांमधून चढत होतं, मी खुर्ची टाकून त्याला पाइपानं पाणी देत होतो, आणि वर दुसऱ्याच्या न्हाणीकडे बोट दाखवत होतो.

"लवकर सांगा त्यायले," मिस्त्री म्हणाला. "मी सांगू काय?"

"नको, नको. मीच सांगतो."

सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. वहिनींकडे पाहुणे, वहिनी शेतात, वहिनी झोपल्यात. एकदा कुंपणापर्यंत गेलो आणि कढीपत्ता पाहिजे का असं विचारून परत आलो. मनात म्हणायचो, पोती आहेत ती, गोणपाटाची, वारा लागतो, कदाचित काही झालं नसेल.

बियाणं पेरणीआधी तपासायची आमच्याकडे साधी रीत आहे. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडायचं आणि कोंब आलेले मोजायचे. सत्तर निघाले की बिनघोर पेरा. वहिनी हे दरवर्षी करतात, आणि गुंडाळी उघडायला मला बोलावतात. मी विज्ञानाचा ना.

त्या दिवशीही हाक आली. ओट्यावर गुंडाळी उघडली. वास आधी आला, मग दाणे दिसले. कुठे बुरशी, कुठे नुसतंच फुगून मऊ झालेलं. वहिनींनी कोंब मोजले. परत मोजले.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "शंभरात एकतीस. असं कधीच झालं नाई. काहून झालं असंन, भाऊजी?"

इथे मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. बाहेर जे पडलं ते असं, "काढणीत पाऊस लागला होता ना मागच्या साली. त्यानं होतं असं."

वहिनी गोणपाटाकडे बघत राहिल्या. "म्हनजे माहीच गल्ती. चार दिवस आधी काढलं असतं तं वाचलं असतं. बाया मिळत नोत्या, म्या उशीर केला." मग अगदी हलक्या आवाजात, "तुमचे भाऊ असते तं काढलं असतं त्याईनं येळेवर."

मी घरी आलो. बायकोनं तोंड बघून विचारलं, "किती निंघाले?"

"एकतीस."

तिला मिस्त्रीची गोष्ट माहीत होती. ती ताट वाढत होती, वाढायची थांबली. "अन् तुमी काय सांगतलं?"

"पाऊस."

"शाबास," ती म्हणाली. "न्हानी त्यायची तोडली, बियानं त्यायचं सडवलं, अन् आता गल्ती बी त्यायच्याच पदरात घातली. जेवा. पोटभर जेवा."

जेवलो नाही हे सांगून मला सहानुभूती मिळवायची नाही. जेवलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर फावडं घेऊन वाफ्यात उतरलो. मोगरा मुळासकट उपटला. माती ओढत ओढत भिंतीपासून लांब ढीग घालू लागलो. साठी उलटलेल्या माणसानं फावडं धरलं की आवाज फावड्याचा कमी आणि माणसाचा जास्त होतो. वहिनी बादली घेऊन न्हाणीकडे निघाल्या होत्या, कुंपणापाशी थांबल्या.

"काहून उखडून राह्यले, भाऊजी? एवढा चांगला मोगरा! डोकं फिरलं काय?"

मी फावड्यावर हनुवटी टेकली आणि सगळं सांगितलं. पट्टी, माती, पाइप, गिलावा. मिस्त्री आला त्याला आठ दिवस झाले हेही. कुठे कुठे मी "आपल्या भिंतीचं" वगैरे म्हणून दोष दोन घरांत वाटायचा प्रयत्न केला, पण वहिनींच्या तोंडाकडे बघून ते शब्द मागे घेतले.

मला वाटलं होतं त्या बियाण्याबद्दल बोलतील. त्यांनी आधी विचारलं ते हे, "म्हनजे माह्या न्हानीचं पानी नोतंच?"

"नव्हतं."

"एक थेंब बी?"

"नाही."

बादलीतल्या पाण्याची वाफ निघत होती. वहिनी तिकडे बघत उभ्या राहिल्या. "अन् मी तुमच्या घरी भाजी घेऊन आली होती," त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून चिखल नसलेल्या वाटेनंही पावसाळ्यासारख्याच जपून जपून निघून गेल्या.

आंघोळ करून परतल्यावर मात्र त्यांनी हाक मारली. आवाज शेतात गड्याला मारतात तसा. "भाऊजी! घरात बसू नका. पोते काढू लागा."

पाचही पोती बाहेर काढली. भिंतीकडची बाजू हाताला गार आणि जड लागत होती. मागे भिंतीवर पोत्यांच्या आकाराचा ओला डाग होता, कडेनं पांढरा खार. वहिनींनी प्रत्येक पोत्यातून शंभर शंभर दाणे काढायला मला बसवलं. पाच गुंडाळ्या. माझा चष्मा घसरायचा, मोजणी चुकायची, मग त्या म्हणायच्या, "पुन्हा मोजा. घाई काहाची हाय? न्हानी हटवाची थोडीच हाय."

सहा दिवसांनी गुंडाळ्या उघडल्या. वरच्या दोन पोत्यांचे बहात्तर आणि सत्तर निघाले. खालची तिन्ही गेली होती. तीन एकरांचं बियाणं माझ्या मोगऱ्यानं खाल्लं होतं, आणि मृग तोंडावर आला होता.

त्याच दिवशी मी मोटारसायकल काढून शेलूबाजारला चुलतभावाकडे गेलो. तोही घरचं बियाणं राखतो. त्याच्यापुढे सगळी कथा सांगावी लागली, कारण तो तीन पोती कारणाशिवाय देणारा माणूस नाही. तो ओट्यावर लोळून हसला. "तुह्यापाशी शिकलेल्या पोरायचं काय झालं असंन रे!" म्हणाला. पण चांगली पोती दिली, आणि जीपमध्ये घालूनही दिली.

जीप दारात थांबली तेव्हा मला वाटलं, चला, फिटलं. वहिनींनी पोत्यांवरून हात फिरवला, मूठभर दाणे दातांखाली दाबून पाहिले, आणि म्हणाल्या, "ठेवा बाजूला. तपासून पायतो."

"वहिनी, त्यानं तपासलेलं आहे. नव्वदच्या आसपास आहे म्हणतो."

"म्हनत असंन. तुमी बी म्हनलं होतं पाऊस लागला म्हनून."

परत सहा दिवस. त्या सहा दिवसांत आभाळ दोनदा भरून आलं. लोकांनी तिफणी, ट्रॅक्टर तयार ठेवले. मी दिवसातून चार वेळा ओट्यावर जाऊन वहिनींच्या गुंडाळीवर पाणी शिंपडलं आहे का बघायचो, आणि प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "हात लावू नका. तुमी पानी द्याले लागले का घात होते." सातव्या दिवशी त्यांनी स्वतः मोजलं. चौऱ्याऐंशी. "चालते," एवढंच म्हणाल्या. पेरणी वेळेवर झाली. उगवण बरी आली. मी शेतात जाऊन बघून आलो, त्यांना न सांगता, आणि बांधावर त्यांनीच मला पकडलं. "पाहा, पाहा. तुमचे दाने कोनते अन् माहे कोनते, वळखा बरं." मला ओळखता आलं नाही.

न्हाणी परत जुन्या जागी बांधून देतो, असं मी तेव्हाच म्हणालो होतो. मिस्त्रीनं नाही म्हटलं. भिंत आतून ओली आहे. गिलावा खरवडून, टाइल्स काढून, तिला उघडी ठेवायची, वारा खाऊ द्यायचा. ती पूर्ण वाळायला दोन-तीन उन्हाळे लागतील. त्याआधी काहीही बांधलं तर गळून पडेल. म्हणून या पावसाळ्यातही वहिनी खोळ घेऊन टोकाच्या न्हाणीत जाणार. मी वाटेवर फरशा टाकून दिल्या, दोन बादल्या पाणी मीच नेऊन ठेवतो. मी बादली नेताना त्या ओट्यावरून बघत असतात. धन्यवाद म्हणत नाहीत, आणि बरं करतात.

मागच्या दिवाळीत सोयाबीन निघालं तेव्हा त्या आमच्या दारात आल्या. "बियानं ठेवाले माह्याकडं सुकी भीत नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं एक हाय." आणि मी काही बोलायच्या आत मागून पोती आलीही. भिंतीपासून वीतभर अंतर त्यांनी स्वतःच्या हाताच्या विती घालून मोजलं. सोफा कुठे जाणार हे माझ्या बायकोनं ठरवलं.

आज सकाळी गुंडाळी उघडायचा दिवस होता. यंदा ती मी लावली होती. पाचही पोत्यांतून दाणे काढून, दहाच्या दहा ओळी, पट्टीनं अंतर मोजून. सहा दिवस पाणी किती शिंपडायचं यावरून माझी आणि बायकोची रोज बाचाबाची झाली. मी गोणपाट ओट्यावर पसरलं, चष्मा पुसला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. कोंब दिसत होते. बरेच दिसत होते.

तेवढ्यात वहिनी पायऱ्या चढून आल्या. एकेक पायरी, गुडघ्यावर हात ठेवत. माझ्या शेजारी हळूच खाली बसल्या आणि माझं बोट पहिल्या ओळीवरून बाजूला केलं.

"सरका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी मोजतो."

मी सरकलो. त्यांनी पदर खोचला आणि एकपासून सुरुवात केली.